चंद्र पडलाय काय ओ, सर? बेळगावच्या गच्चीवरून जगभरचा चंद्र ओळखायला शिकताना

सीमाभागातल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. फाल्गुनातली तीज. संध्याकाळी सहावीची वीस-बावीस पोरं गच्चीवर जमवली होती आणि माझ्या हातात पुठ्ठ्यावर रंगवलेला चंद्रकलांचा तक्ता होता. रात्री जागून केलेला. पुस्तकातल्या चित्राबरहुकूम त्यातली कोर उभी होती, उजव्या कंसासारखी. सूर्य बुडाला, पंधरा-वीस मिनिटं गेली आणि पश्चिमेला खरी कोर दिसायला लागली. ती उभी नव्हती. पाठीवर आडवी पडली होती, दोन्ही टोकं आभाळाकडं करून, होडीसारखी. मागून एकानं विचारलं, "सर, चंद्र पडलाय काय ओ?"

मी "वातावरणामुळं तसं दिसतं" असं काहीतरी ठोकून दिलं. ते साफ खोटं होतं. चित्रातला चंद्र लंडन-बर्लिनच्या आभाळातला होता आणि आम्ही उभे होतो बेळगाव जिल्ह्यात. ते चित्र एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आलेलं. उतरवणाऱ्यांपैकी कोणी गच्चीवर जाऊन बघितलं नसावं. मीही नव्हतंच बघितलं.

त्या पोराला धड उत्तर देण्याआधी मला दोन वर्षं चंद्राच्या मागं फिरावं लागलं. नव्यानं बघणाऱ्यांना तेवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहितोय. दुर्बीण लागत नाही. वही, पेन्सिल, गच्ची नाहीतर शेतातलं खळं, आणि परदेशात असलेला एखादा नातेवाईक पुरे. तो हल्ली घरटी एक असतोच.

कला सगळ्यांची एक, कल ज्याचा त्याचा

गच्चीवर जाण्याआधी घरात एक खेळ करा. अंधाऱ्या खोलीत एकच बल्ब लावा. हात लांब करून चेंडू डोक्यापेक्षा जरा वर धरा आणि बल्बकडं तोंड करून उभे राहा. चेंडूची आपल्याकडची बाजू काळी दिसते, ही अवस. आता हळूहळू डावीकडं वळत स्वतःभोवती गिरकी घ्या. आधी उजव्या कडेला कोर उजळते, पाव गिरकीला अर्धा चेंडू, बल्बकडं पाठ झाली की पुनव. चेंडू खाली आला आणि त्यावर आपल्याच डोक्याची सावली पडली, तर ते ग्रहण. कला म्हणजे पृथ्वीची सावली नव्हे. हा गैरसमज मला पदवीधर माणसांतही सापडला आहे, म्हणून इथंच मिटवून टाकतो.

खरा चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर लांब आहे आणि पृथ्वीचा व्यास आहे १२,७४२ किलोमीटर. पृथ्वीच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या माणसांच्या नजरेत जेमतेम दोन अंशांचा फरक पडतो, आणि त्यानं उजेडाच्या वाट्यात होणारा बदल डोळ्याला कळत नाही. या क्षणी बेळगावात चंद्र चाळीस टक्के उजळलेला असेल तर तो नैरोबीतही तेवढाच, सिडनीतही तेवढाच.

बदलतो तो त्याचा कल. उजळलेली बाजू नेहमी सूर्याकडं असते, हा एकच नियम धरून चाला. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, विषुववृत्ताला बरंच जवळ. इथं सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, म्हणून कोरीचं पोट खाली. लंडन ५१.५ अंशांवर. तिथं सूर्य तिरका, उजवीकडं घसरत बुडतो, म्हणून कोरीचं पोट उजवीकडं. पोराचा प्रश्न एवढ्यात सुटतो. पण हे वाचून पटतं आणि बघून कळतं, त्यात फरक आहे.

जागा, दिशा आणि ऋतू

गच्चीवर चार दिशांच्या खुणा करून ठेवा. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. त्या दिवशी कठड्यावर खडूनं रेघ मारली की काम झालं. मोबाइलमधलं होकायंत्रही चालतं, फक्त पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडपासून लांब उभं राहा.

जागेचं मात्र प्रत्येकाचं वेगळं. जांबोटी-कणकुंबीकडं पश्चिमेला डोंगर आणि गर्द झाडी, तिथं बीजेची कोर दिसेपर्यंत ती झाडामागं गेलेली असते. त्या मंडळींनी पहाटेच्या वद्य पक्षातल्या कोरीवर भर द्यावा. अथणी, रामदुर्ग, सौंदत्ती या बाजूला मोकळं माळ, दोन्ही क्षितिजं उघडी. बेळगाव शहरातल्यांना येळ्ळूरचा राजहंसगड चांगला, पण अंधारात उतरताना टॉर्च ठेवा.

सुरुवात ज्येष्ठ-आषाढात करू नका. पश्चिमेकडच्या पट्ट्यात तेव्हा चंद्र काय, शेजारचं घरही दिसत नाही. कार्तिकात सुरू करावं, म्हणजे चैत्रापर्यंत सलग सहा महिने आभाळ मिळतं. पूर्वेकडचे तालुके पावसाच्या आडोशाला असल्यानं त्यांना भाद्रपदातही मधूनमधून उघडीप मिळते. त्याचा उपयोग पुढं येईल.

वहीत घड्याळ काढा

प्रत्येक नोंदीसाठी वाटीच्या कडेनं एक वर्तुळ काढा आणि ते घड्याळाची तबकडी समजा. बारा म्हणजे आभाळाकडं, सहा म्हणजे जमिनीकडं, तीन आपल्या उजव्या हाताला, नऊ डाव्या. चंद्राकडं सरळ तोंड करून उभे राहा आणि उजळलेल्या कडेचा मध्य किती वाजल्याच्या दिशेला आहे तेवढं बघा. "सहा", "साडेचार", "आठ" असा एकच आकडा लिहायचा. सोबत तिथी, वेळ, दिशा आणि उंची. उंचीसाठी हात ताठ करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश.

"कोर जरा तिरकी दिसली" अशी नोंद नको. तिचा महिन्याभरानं काही उपयोग होत नाही. आकडा मात्र लंडनच्या बहिणीलाही फोनवर सांगता येतो.

बीज-तीज: वर्षातून दोनदा

पहिली नोंद माघ किंवा फाल्गुनातल्या तिजेची करा. बीजही चालेल, पण ती फार बारीक असते, नवख्याला सापडत नाही. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासानं पश्चिमेला बघा. घड्याळ सहाच्या आसपास असेल, कधी किंचित सातच्या बाजूलाही. कोरीच्या कुशीत उरलेला चंद्र अंधुक राखाडी दिसेल. तो उजेड आपल्या पृथ्वीवरून परतून तिकडं गेलेला. हे बघायला विसरू नका, कारण तिथीगणिक तो मावळत जातो आणि अष्टमीला काही उरत नाही.

मग भाद्रपदापर्यंत थांबा. त्या महिन्यात याच गच्चीवरून कोरीचं घड्याळ साडेचार ते पाचच्या दरम्यान असतं: होडी एका बाजूला कललेली, टोकं वर आणि डावीकडं. गाव तेच, बघणारा तोच. झालंय असं, की चंद्र जवळजवळ सूर्याच्याच वाटेनं चालतो, फक्त पाचेक अंश इकडंतिकडं. ही वाट फाल्गुन-चैत्रातल्या संध्याकाळी पश्चिम क्षितिजावर उभी ठाकते आणि भाद्रपदात दक्षिणेकडं, म्हणजे आपल्या डावीकडं, झुकते. त्यामुळं बुडालेला सूर्य चंद्राच्या बरोबर खाली न राहता उजवीकडं राहतो.

अडचण एवढीच, की शिकायला सगळ्यात चांगली असलेली भाद्रपद शुद्ध चतुर्थीची कोर बघायची नाही असं आपल्यात ठरलेलं. वाद घालू नका. हरतालिकेला बघा, नाहीतर ऋषिपंचमीला. दोन्ही दिवशी कल जवळपास तोच मिळतो आणि आजीही गप्प राहते.

अष्टमी एकाच दिवसात तीनदा

शुद्ध अष्टमीचा चंद्र दुपारी उगवतो, तिन्हीसांजेला डोक्याच्या बाजूला येतो आणि मध्यरात्री मावळतो. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आणि बेळगाव साधारण ७४.५ अंशांवर, म्हणून पुस्तकात "दुपारी बारा" लिहिलेलं आपण साडेबारा धरायचं. आठ अंश, दर अंशाला चार मिनिटं, झाली बत्तीस मिनिटं. मागंपुढं थोडं होतंच.

एका सुट्टीच्या दिवशी तिन्ही वेळा बघा. दुपारी दीड-दोनला पूर्वेला फिकट अर्धा चंद्र सापडेल, पालथ्या वाटीसारखा: फुगीर उजळ बाजू वर, घड्याळात बारा ते एक. सूर्य तेव्हा वर आहे ना. संध्याकाळी दक्षिणेकडं तोंड केलं तर उजवा अर्धा उजळ, तीन. आणि रात्री बाराच्या सुमारास पश्चिमेला तीच वाटी उताणी, पाच-सहा. दुपारपासून कला बदलली नाही, कल मात्र अर्ध्या घड्याळाएवढा फिरला. ज्याला "उजवीकडून उजळलेला चंद्र" एवढंच पाठ आहे त्यानं ही एक नोंद केली तरी पुरे.

इथं एक फसवणूक सांगून ठेवतो. शुद्ध दशमीच्या आसपास दुपारी चार-साडेचारला पूर्वेला चंद्र आणि पश्चिमेला सूर्य असे दोघंही दिसतात. तेव्हा चंद्राची उजळ बाजू सूर्याकडं नसून त्याच्या वरून कुठंतरी भलतीकडं रोखलेली वाटते. नियम मोडला म्हणून मी आठवडाभर अस्वस्थ होतो. मग एक सुतळी घेतली, दोन्ही हातांत ताणून डोळ्यांपुढं धरली, एक टोक चंद्रावर आणि एक सूर्याकडच्या बाजूला. (सूर्याकडं टक लावून बघू नका, त्याच्यापुढं इमारत किंवा झाड येऊ द्या.) सुतळी बरोबर उजळ कडेच्या मध्यातून गेली. आभाळभर पसरलेली सरळ रेघ आपल्या डोळ्याला वाकडी वाटते, एवढंच ते होतं.

सतरंजीवरचा लंडन, सतरंजीवरचा सिडनी

हा प्रयोग आपल्या भागात राहणाऱ्यांचं खरं भाग्य आहे, लंडनवाल्यांना तो जन्मात करता येणार नाही. माघातली रथसप्तमी किंवा तिच्या दुसऱ्या दिवशीची अष्टमी धरा. त्या दिवसांत दिवेलागणीला अर्धा चंद्र बेळगावच्या जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो.

गच्चीवर सतरंजी टाका. पाय दक्षिणेला करून उताणे झोपा. डोकं उत्तरेला येतं, घरचे ओरडतील, पाच मिनिटांचं काम आहे म्हणून सांगा. चंद्राचा उजवा अर्धा उजळ दिसेल. पुस्तकातला चंद्र, लंडनचा चंद्र. आता उठा, पाय उत्तरेला करून झोपा. डावा अर्धा उजळ. हा सिडनीचा चंद्र.

मधल्या अर्ध्या मिनिटात चंद्र काही फिरला नाही. लंडनचा माणूस चंद्र नेहमी दक्षिणेला बघतो, तिथं तो कधी डोक्यावर येतच नाही. सिडनी ३३.९ अंश दक्षिणेला, तिथला माणूस तो नेहमी उत्तरेला बघतो. दोघांची तोंडं एकमेकांकडं, म्हणून एकाचा उजवा तो दुसऱ्याचा डावा. आपण मध्ये. आपल्या डोक्यावरून चंद्र कधी दक्षिणेकडून जातो, कधी उत्तरेकडून. सुलटा कोणता आणि उलटा कोणता, ते आपले पाय कुठं आहेत त्यावर ठरतं.

सूर्याचंही इथं तसंच आहे. मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेमधला दिवस बघायला सोपा, ऑगस्टमध्ये ढग.

पुनवेचा ससा

पुनव म्हणा, हुण्णिमे म्हणा, त्या रात्री कोर नसते, तेव्हा कल ओळखायचा तो डागांवरून. ज्याला आपण ससा म्हणतो त्याचे कान कुठं आहेत ते चंद्र उगवल्यावर वहीत काढा, आणि पहाटे मावळायच्या आधी पुन्हा काढा. बेळगावात या दोन चित्रांमध्ये ससा जवळजवळ दीडशे अंश फिरलेला असतो. लंडनमध्ये तो एका रात्रीत याच्या निम्माच फिरतो. म्हणून चंद्रावरच्या सशाचं किंवा माणसाच्या तोंडाचं एकच ठरलेलं चित्र तिकडं जास्त रुळलं असेल, असं मला आपलं वाटतं.

मार्गशीर्ष आणि माघ पुनवेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जत्रा असते. जाणार असाल तर मध्यरात्री मान वर करा. माघ पुनवेचा चंद्र तेव्हा डोक्याच्या अगदी जवळ असतो. मार्गशीर्षातला मात्र डोक्याच्या पुढं, उत्तरेकडं कललेला. डिसेंबर २०२५ मधला तो बेळगाव भागात डोक्यापासून साधारण बारा अंश, म्हणजे मुठीपेक्षा थोडा जास्त, उत्तरेला होता. दर वर्षी एवढा नसतो. चंद्राची वाट १८.६ वर्षांच्या फेऱ्यात कधी सूर्याच्या वाटेबाहेर पसरते, कधी आत आक्रसते. २०२५ च्या आसपास ती सगळ्यात पसरलेली होती. २०३४ च्या सुमारास आक्रसेल, तेव्हा उत्तरेकडचा हा कल दोन-तीन अंशांवर येईल.

आता जग: एक चंद्र धरून चला

देशांची यादी पाठ करण्यापेक्षा एकच चंद्र धरावा आणि तो ठिकठिकाणी बघावा. मी गौरीपूजनाचा धरतो. गौरी ज्येष्ठा नक्षत्रावर पूजतात, म्हणजे त्या दिवशी चंद्र वृश्चिक राशीतल्या त्या तांबूस ताऱ्याजवळ, आपल्या वाटेच्या पार दक्षिणेकडच्या टोकाला असतो. बेळगावात दिवेलागणीला तो दक्षिणेला पाचेक मुठी उंच दिसतो. त्याच दिवशी लंडनमध्ये तो, २०२५ च्या आसपासच्या वर्षांत, सव्वा मुठीच्या वर जात नाही, समोर दुमजली घर असलं तरी झाकला जातो. तिकडच्या मंडळींना "आज चंद्रच उगवला नाही" असं वाटतं ते यामुळं. सिडनीत तो जवळजवळ डोक्यावर असतो. कला तिन्हीकडं अष्टमीच्या आगेमागेची.

कोरीचं घड्याळही असंच लावा. लंडनमध्ये मार्चमधली कोर पाचच्या आसपास, सप्टेंबरमधली साडेतीनच्या, म्हणजे उभी आणि क्षितिजाला चिकटलेली. सिडनीत कोर डावीकडं झुकते: मार्चमध्ये आठ, सप्टेंबरमध्ये साडेसहा. ऋतू उलटे तसा होडीचा महिनाही उलटा. सिंगापूर विषुववृत्ताला लागून, तिथं वर्षभर पाच ते सातच्या मध्येच खेळ चालतो, म्हणून तिथल्या माणसाला कोर म्हणजे होडीच. हे आकडे ढोबळ आहेत, पाच अंशांचा चंद्राचा लहरीपणा धरून अर्धा तास मागंपुढं समजा.

सिडनीचा चंद्र घरबसल्या बघायची आणखी एक रीत आहे. चंद्राकडं पाठ करून ओणवे व्हा आणि दोन पायांमधून मागं बघा. चंद्र दक्षिणेला आणि फार वर नसला तरच जमतं, आणि शेजारी बघत नसतील तर.

ध्रुवांकडं गेलं की रोजचं उगवणं-मावळणंच बिघडतं. उत्तर ध्रुवावर चंद्र साधारण दोन आठवडे सलग वर आणि दोन आठवडे सलग खाली. डिसेंबरच्या काळोखात तिथं चंद्र अष्टमीच्या सुमारास वर येतो, पुनवेला सगळ्यात उंच जातो आणि वद्य अष्टमीला बुडतो. अवसेच्या बाजूची कोर तेव्हा तिथं दिसतच नाही. नॉर्वेतल्या ट्रोम्सोला जूनमधली पुनव काही वर्षी क्षितिजावर येतसुद्धा नाही. दक्षिणेला याच्या उलट. अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती ही आपली दोन केंद्रं जवळपास ७० अंश दक्षिणेला आहेत. तिथं हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जूनमध्ये, सूर्य उगवत नाही आणि पुनवेचा चंद्र काही वर्षी मावळत नाही.

नातेवाइकाला कामाला लावा

फोटो मागवताना दोन गोष्टी बजावून सांगा. मोबाइल उभा आणि सरळ धरायचा, आणि चौकटीत खाली एखादं घर, झाड, काहीतरी जमिनीवरचं आलंच पाहिजे. नुसता काळ्या आभाळातला चंद्र पाठवला तर कल कळत नाही, फोन कसा धरला होता तेवढंच कळतं. माझ्या भाच्यानं पहिले तीन महिने तसेच पाठवले, सगळे वाया.

मग ठरवा, एकाच क्षणी काढायचे की दोघांनी आपापल्या संध्याकाळी. पहिल्यातून कला एकच आहे हे दिसतं, दुसऱ्यातून कल. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागं. शुद्ध अष्टमीला तिथं संध्याकाळचे सहा वाजलेले असताना आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा: त्यांच्याकडं अर्धा चंद्र उभा, आपल्याकडं पश्चिमेला उताणी वाटी, उजेड अर्धाच. सिडनी साडेचार ते साडेपाच तास पुढं. कोरीसाठी एकाच क्षणाचा नाद सोडा, आपली कोर दिसायला लागते तेव्हा तिकडची मावळलेली असते.

सगळ्यात सोपी जुळणी खग्रास चंद्रग्रहणात होते. ७ सप्टेंबर २०२५ ला, भाद्रपद पुनवेला, भारतात रात्री अकरा ते बारा वाजून बावीस मिनिटांपर्यंत चंद्र पूर्ण ग्रासलेला होता. सिडनीत तेव्हा दुसऱ्या दिवशीची पहाट होती आणि लंडनमध्ये चंद्र ग्रासलेलाच उगवला. घड्याळं वेगळी, क्षण तोच.

संकष्टी कधी सोडायची?

हा फोन तुम्हालाही येणार, म्हणून सांगतो. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं बारा अंशांचं अंतर. ती जगभर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते, मध्ये साधारण १९ ते २६ तास. दिवसाला मात्र नाव मिळतं ते त्या त्या गावच्या सूर्योदयाच्या तिथीवरून. समजा मंगळवारी आपल्याकडं सकाळी साडेदहाला एकादशी संपली. लंडनमध्ये हिवाळ्यात तेव्हा पहाटेचे पाच. त्यांचा सूर्य उगवेपर्यंत द्वादशी लागलेली. म्हणून बेळगावची एकादशी मंगळवारी, त्यांची सोमवारी. कोणी चुकलेलं नाही.

संकष्टीला सूर्योदयाऐवजी चंद्रोदय धरतात, आणि तो तर गावागणिक बदलतो. बेळगाव मुंबईच्या पूर्वेला असल्यानं आपला चंद्र सहा-सात मिनिटं आधी उगवतो, अक्षांशाचा थोडा फरक वेगळा. भिंतीवरच्या कॅलेंडरातली वेळ कोणत्या शहराची आहे ते खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचा. आपल्याकडं संकष्टीचा चंद्र नऊ-साडेनऊ-दहाच्या सुमारास मिळतो. लंडनमध्ये वसंतात तो मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवतो, आणि शरदात फार लवकर. कोजागिरीनंतरच्या दिवसांत आपल्याकडं चंद्र रोज चाळीसेक मिनिटं उशिरा उगवतो, तिकडं वीस-पंचवीसच. तेव्हा बेळगावची वेळ तिकडं कळवू नका, त्यांना त्यांच्या गावचा चंद्रोदय बघायला सांगा.

ईदच्या चंद्राचंही मूळ हेच. चंद्र दर तासाला सूर्यापासून साधारण अर्धा अंश लांब सरकतो. आपल्याकडं सूर्य बुडतो तेव्हा जी कोर फार बारीक असते, ती अडीच तासांनी सौदीत सूर्य बुडेपर्यंत जरा मोठी आणि जरा उंच झालेली असते. म्हणून तिकडं बऱ्याचदा आदल्या दिवशी दिसते.

उत्तर भारतातला कोणी सोबत असेल तर महिन्यांच्या नावांत गोंधळ होईल, त्यांचा महिना पुनवेला संपतो. आपली श्रावण वद्य अष्टमी ती त्यांची भाद्रपदातली. सीमाभागात मात्र ही कटकट नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही पंचांगांत महिना अवसेलाच संपतो, आणि पाडवा नि युगादी एकाच दिवशी. पाटीवर कोणती भाषा आधी लिहायची यावरून जिथं डोकी फुटतात, तिथं अवसेवर सगळ्यांचं एकमत आहे.

फिरता तक्ता

सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की तक्ता करा, माझ्यासारखा आधी नको. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे वाटीएवढे गोल कापा. बीज, अष्टमी, एकादशी आणि पुनव असे चारच पुरेत. पुनवेवर ससा काढा. प्रत्येकाच्या मधोमध टाचणी लावून पुठ्ठ्यावर असा बसवा की बोटानं फिरेल, आणि भोवती घड्याळाचे आकडे लिहा. आकड्यांच्या बाहेर बारीक अक्षरांत गावं लिहीत जा: बेळगाव फाल्गुन, बेळगाव भाद्रपद, लंडन मार्च, लंडन सप्टेंबर, सिडनी मार्च. ज्या गावची नोंद स्वतः केली किंवा फोटोवरून ताडून बघितली ते शाईनं, बाकीची पेन्सिलनं. माझ्या तक्त्यावर ट्रोम्सो अजून पेन्सिलनंच आहे.